महानगरपालिका भवन, मुंबई व नवी मुंबई

महानगरपालिका भवन, मुंबई व नवी मुंबई : शहराचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या निर्वाचित संस्थेचे सभागृह व मुख्य कार्यालय ज्या वास्तूत असते, तिला नगरभवन वा महानगरपालिका भवन म्हणतात. अशी वास्तू कोठे उभारावी, तिचा आराखडा कोणी करावा आणि तिच्यासाठी किती खर्च व्हावा, हे प्रश्न वरकरणी बांधकामाचे वाटतात. परंतु त्यांची उत्तरे शहराच्या जमिनीवर व तिजोरीवर कोणाची सत्ता आहे, यावर अवलंबून असतात. ठाणे खाडीच्या दोन तीरांवरील मुंबई व नवी मुंबई या शहरांच्या इतिहासात हे प्रश्न सु. सव्वाशे वर्षांच्या अंतराने अगदी भिन्न परिस्थितींत उद्भवले. मुंबईत निर्वाचित सभा आधी अस्तित्वात आली आणि तिला स्वतःचे घर मिळण्यास वीस वर्षे लागली. नवी मुंबईत शहराचा आराखडा, शासकीय कार्यालयांचा विभाग व त्यातील भूखंड आधी ठरले आणि निर्वाचित सभा नंतर आली. या दुसऱ्या क्रमाचा अर्थ पावणे, तुर्भे, घणसोली यांसारख्या मूळ गावांच्या दृष्टीने पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो.

मुंबईतील नागरी कारभाराची सुरुवात निर्वाचित संस्थेने झाली नाही. १८४५ मध्ये स्थापन झालेले सफाई मंडळ आणि १८५८ मधील तीन आयुक्तांची व्यवस्था या दोन्हींत नागरिकांचा प्रत्यक्ष सहभाग जवळजवळ नव्हता. १८६५ च्या अधिनियमाने शांतता न्यायाधीशांच्या (जस्टिस ऑफ द पीस) मंडळास नगरसंस्थेचा दर्जा मिळाला. मात्र कार्यकारी सत्ता एकट्या आयुक्ताकडे राहिली. आर्थर क्रॉफर्ड हे या पदावरील पहिले अधिकारी. रस्ते, गटारे व मंडया यांच्या सुधारणेचा त्यांनी सपाटा लावला. पण खर्चास धरबंध राहिला नाही आणि कापसाच्या तेजीनंतरच्या मंदीत करदात्यांचा असंतोष वाढला. १८७१ मध्ये या असंतोषाने चळवळीचे रूप घेतले. विलायतेहून नुकतेच परतलेले तरुण बॅरिस्टर फिरोजशाह मेहता (१८४५–१९१५) यांनी त्या वेळी घेतलेली भूमिका अनेकांना रुचली नाही. दोष क्रॉफर्ड यांच्या कर्तबगारीत नसून त्यांच्यावर देखरेख ठेवणारी निर्वाचित सभा नाही यात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील घटनांनी हे निदान खरे ठरविले.

१८७२ च्या अधिनियमाने ६४ सदस्यांची महानगरपालिका अस्तित्वात आली. त्यांपैकी निम्मे म्हणजे ३२ सदस्य करदाते निवडून देत. उरलेल्यांपैकी १६ शांतता न्यायाधीश निवडत आणि १६ सरकार नियुक्त करी. मताधिकार ठराविक रकमेपेक्षा अधिक कर भरणाऱ्यांपुरताच मर्यादित होता. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बहुसंख्य रहिवाशांना तो नव्हता. तरीही त्या काळच्या हिंदुस्थानात निवडणुकीचे तत्त्व एवढ्या प्रमाणावर प्रथमच अंमलात येत होते.

या सभेला साजेसे स्थान मात्र नव्हते. नगरसंस्थेचे आरंभीचे कार्यालय गिरगाव रस्त्याच्या टोकाशी एका साध्या इमारतीत होते. १८७० मध्ये ते एस्प्लनेडवर, वॉटसन हॉटेल व ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट (विद्यमान डेव्हिड ससून ग्रंथालय) यांच्या मधील इमारतीत नेण्यात आले. पुढे त्या जागी आर्मी अँड नेव्ही इमारत उभी राहिली. जागेचा हा बदल अर्थपूर्ण होता. १८६० नंतरच्या काही वर्षांत, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडवर सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय यांच्या इमारतींची रांग उभी राहू लागली. सरकारी सत्तेच्या या रांगेच्या आसपास नगरसंस्थेला जागा मिळाली खरी. पण ज्या वस्त्यांतील गटारे, पाणी व रस्ते यांची जबाबदारी तिच्यावर होती, त्या गिरगाव, मांडवी, भुलेश्वर व कामाठीपुरा या भागांपासून ती दूर गेली.

नव्या भवनासाठी निवडलेला भूखंड या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हॉर्नबी रस्ता (विद्यमान दादाभाई नवरोजी मार्ग) आणि क्रूकशँक रस्ता (विद्यमान महापालिका मार्ग) यांच्या संगमावरील ही सु. ६,६०० चौ. यार्डांची जागा त्रिकोणी आकाराची व एका बाजूस निमुळती होत गेलेली. तिच्यासमोर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे (विद्यमान छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) काम चालू होते. दक्षिणेकडे पूर्वीचा किल्ला, म्हणजे पेढ्या व सरकारी कचेऱ्या, उत्तरेकडे क्रॉफर्ड मार्केट आणि त्यापुढे दाट देशी वस्ती, पश्चिमेकडे मैदान. गोऱ्या व देशी मुंबईच्या सांध्यावर म्हणावी अशी ही जागा होती. निवडीमागे प्रतीकाचा विचार किती होता व उपलब्ध जमिनीचा किती, हा प्रश्न गौण आहे. शहराच्या दोन्ही भागांतून येणाऱ्यास पायी पोहोचता येईल अशी दुसरी मोक्याची जागा त्या वेळी क्वचितच सापडली असती.

९ डिसेंबर १८८४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते भवनाची कोनशिला बसविण्यात आली. हिंदुस्थानातील स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात रिपन यांचे नाव १८ मे १८८२ च्या ठरावाशी निगडित आहे. स्थानिक संस्थांत बिनसरकारी सदस्यांचे बहुमत असावे आणि लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, हा त्या ठरावाचा गाभा होता. कारभार प्रथम काहीसा निकृष्ट झाला तरी चालेल, अशी त्यामागील धारणा होती. अँग्लो-इंडियन समाजाचा रोष ओढवून घेतलेले रिपन त्याच महिन्यात अधिकारपद सोडून मायदेशी परतणार होते आणि मुंबईने त्यांना दिलेला निरोप अभूतपूर्व उत्साहाचा होता. त्या वर्षी महानगरपालिकेचे अध्यक्षपद मेहतांकडे होते. तेरा वर्षांपूर्वी निर्वाचित सभेचा आग्रह धरणारा पुरुष तिच्या अध्यक्षपदी आणि स्थानिक स्वराज्याचा पुरस्कर्ता कोनशिलेपाशी, असा हा योग होता.

कोनशिला बसली, परंतु प्रत्यक्ष बांधकाम एप्रिल १८८९ मध्ये सुरू झाले. मधल्या चार-साडेचार वर्षांत दोन गोष्टींचा निर्णय लागायचा होता : इमारत कोणत्या शैलीची असावी आणि तिच्यात बसणाऱ्या संस्थेचे अधिकार कोणते असावेत. पहिल्या प्रश्नाची चर्चा वास्तुकलेच्या ग्रंथांत विपुल आढळते, तर दुसऱ्याची फारशी होत नाही. वस्तुतः दुसराच अधिक महत्त्वाचा होता.

शैलीच्या बाबतीत दोन आराखडे विचारात आले. एक रॉबर्ट फेलोज चिझम (१८४०–१९१५) यांचा. मद्रासचे सिनेट हाउस बांधणारे आणि पुढे बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम पूर्ण करणारे चिझम हे इंडो-सारसेनिक शैलीचे अग्रगण्य पुरस्कर्ते होते. देशी कमानी, घुमट व छत्र्या यांना पाश्चात्त्य रचनाशास्त्राची जोड द्यावी, असा या शैलीचा आग्रह होता. दुसरा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स (१८४७–१९००) यांचा. सार्वजनिक बांधकाम खात्यातून आलेल्या स्टीव्हन्स यांच्या नावावर समोरच उभ्या राहिलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसची कीर्ती जमा होती. अखेरीस त्यांचा गॉथिक आराखडा स्वीकारला गेला. या निवडीत पाश्चात्त्य शैलीचा विजय पाहण्याची प्रथा आहे. ती अर्धसत्य आहे. टोकदार कमानींचा व्हेनिसी गॉथिक सांगाडा आणि त्यावर फुगीर देशी वळणाचे घुमट असे प्रत्यक्ष इमारतीचे रूप आहे. नाकारलेल्या आराखड्यातील विचार स्वीकारलेल्या आराखड्यात काही अंशी शिरला, असे म्हणण्यास जागा आहे. स्टीव्हन्स यांनी भूखंडाच्या वैगुण्याचाही लाभ घेतला. निमुळत्या कोपऱ्यावर त्यांनी सु. ७७ मी. (२५५ फुट) उंचीचा मनोरा उभारला आणि दोन्ही रस्त्यांवरील बाजू त्याच्या पंखांप्रमाणे मागे वळविल्या. त्यामुळे स्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशास प्रथम नगरसंस्थेचेच दर्शन घडते. दर्शनी त्रिकोणिकेवरील सपक्ष स्त्रीमूर्ती हिंदुस्थानातील आद्य नगरी या मुंबईच्या बिरुदाचे प्रतीक होय.

अधिकारांचा प्रश्न १८८७ मध्ये ऐरणीवर आला. सरकारने मांडलेल्या नव्या नगरपालिका विधेयकाच्या मूळ मसुद्यात महानगरपालिकेचे अनेक अधिकार संकुचित करून आयुक्ताचे बळ वाढविण्याचा कल होता. मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८५०–९३) या विधिमंडळातील दोघा सदस्यांनी मसुद्याचा कलमवार प्रतिवाद केला. त्यातून १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम सिद्ध झाला. सदस्यसंख्या ७२ झाली. प्रभागांतून निवडून येणारे ३६, शांतता न्यायाधीशांनी निवडलेले १६, विद्यापीठ व व्यापारी मंडळ यांचे प्रत्येकी दोन आणि सरकारनियुक्त १६ अशी तिची विभागणी होती. महानगरपालिका, स्थायी समिती व आयुक्त ही तीन नगर-प्राधिकरणे अधिनियमाने स्वतंत्रपणे मान्य केली. आयुक्त सरकारने नेमायचा, पण पैसा सभेने मंजूर करायचा, हा या व्यवस्थेचा मध्यबिंदू आहे. मुंबई प्रांतातील व पुढे महाराष्ट्रातील इतर महानगरपालिकांच्या कायद्याने हाच सांगाडा उचलला. भवनाच्या आतील मांडणीतही तो दिसून येतो. सु. २० मी. लांब व १० मी. रुंद असे सभागृह हे इमारतीतील सर्वांत सजविलेले दालन आहे, आयुक्ताचे दालन नव्हे.

बांधकामाचा मक्ता व्यंकू बाळाजी काळेवार यांच्याकडे होता. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या भव्य इमारतींचे श्रेय आराखडाकारांच्या नावे जमा होते. त्या प्रत्यक्ष उभारणाऱ्या तेलुगू मक्तेदारांची आणि कामाठी व पाथरवट कारागिरांची आठवण क्वचितच ठेवली जाते. काम जुलै १८९३ मध्ये संपले. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये होती व प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये झाला, म्हणजे सु. ६८,००० रुपये वाचले. क्रॉफर्ड यांच्या कारकीर्दीतील उधळपट्टीच्या निषेधातून जन्मलेल्या सभेने स्वतःचे घर अंदाजपत्रकाच्या आत बांधून दाखविले, ही बाब इमारतीच्या मनोऱ्याहून कमी शोभेची नाही. याच काळात तानसा पाणीपुरवठा योजनाही (१८९२) पुरी होत होती, हे लक्षात घेतल्यास त्या काटकसरीचे महत्त्व कळते. भवन वापरात आले तेव्हा आयुक्तपदी हॅरी ॲक्वर्थ होते. मराठी पोवाड्यांचे संग्राहक व अनुवादक म्हणून मराठी वाचकांस ते परिचित आहेत.

पुढील काळात सभा वाढत गेली, सभागृह तेवढेच राहिले. १९२२ मध्ये भाडेकरूंच्या एका वर्गास मताधिकार मिळून सदस्यसंख्या १०६ झाली. १९३१ पासून अध्यक्षास महापौर म्हणण्यात येऊ लागले. १९४८ मध्ये प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली. आणि शहराची हद्द उपनगरांपर्यंत वाढल्यावर निर्वाचित सदस्यांची संख्या यथावकाश २२७ वर गेली. बहात्तर जणांसाठी कल्पिलेल्या दालनात याच्या तिपटीहून अधिक सदस्यांना सामावून घ्यावे लागले. कार्यालयांसाठी मागील बाजूस विस्तारित इमारत उभारली गेली. सभागृह मात्र हलविण्यात आले नाही. २००० मध्ये लागलेल्या आगीत त्यातील लाकडी कामाची मोठी हानी झाली, तेव्हाही ते त्याच जागी मूळ स्वरूपात पुन्हा उभे करण्यात आले. भवनासमोर १९२३ मध्ये उभारलेला मेहतांचा पुतळा आहे.

महाराष्ट्रातील इतर शहरांत नगरसंस्थांनी बहुधा जुन्या वास्तूंचा आश्रय घेतला. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १९३० पासून जवळजवळ तीन दशके नगरसंस्थेचे कार्यालय होता. १९५० मध्ये महानगरपालिका झाल्यावर मुठेच्या पलीकडे शिवाजीनगर भागात नवी इमारत बांधून कारभार तेथे गेला. पेठांतून नदीपार झालेले हे स्थलांतर शहराच्या वाढीची दिशा दाखविते. जागेचा निर्णय थेट नागरिकांवर सोपविल्याचे उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फियात आढळते. वॉशिंग्टन चौक की पेन चौक, या वादाचा निकाल तेथे १८७० मध्ये मतदानाने लावण्यात आला व पेन चौकात १८७१ मध्ये सुरू झालेले बांधकाम तीस वर्षे चालले. महाराष्ट्रात अशा प्रश्नावर मतदान घेण्याची कायद्यात तरतूद नाही. आयुक्ताने प्रस्ताव मांडायचा, स्थायी समितीने खर्च व निविदा तपासायच्या आणि सर्वसाधारण सभेने ठराव करायचा, असा येथील क्रम आहे.

नवी मुंबईत या क्रमाच्या आधी आणखी एक पायरी होती. मुंबई बेटावरील गर्दीस पर्याय म्हणून खाडीपलीकडे शहर वसवावे, ही कल्पना बर्वे समितीच्या काळापासून (१९५८) चर्चेत होती. १९६५ मध्ये मार्ग या नियतकालिकातून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी तिला मूर्त रूप दिले. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन झाले आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा (रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांची सु. ३४४ चौ. किमी. जमीन प्रकल्पक्षेत्रात आली. जमिनीचे संपादन, आराखडा, रस्ते व भूखंडांची विक्री हे सर्व एकाच शासकीय महामंडळाच्या हाती होते व त्याचे संचालक मंडळ शासननियुक्त होते. बेलापूर येथे मध्यवर्ती व्यापारी विभाग आखून तेथे सिडको भवन, कोकण विभागाच्या आयुक्तांचे कोकण भवन व इतर शासकीय कार्यालये आणण्यात आली. म्हणजे भावी नगरसंस्था कोठे बसणार, हे तिच्या जन्मापूर्वीच जवळजवळ निश्चित झाले होते.

याच भूमीत पावणे हे गाव येते. ठाणे–बेलापूर रस्त्यालगत, पश्चिमेस खाडी व पूर्वेस पारसिकची डोंगररांग यांच्या मधील पट्टीत दिघे, रबाळे, घणसोली, महापे, कोपरखैरणे, बोनकोडे, पावणे, तुर्भे, शिरवणे, नेरूळ, शहाबाज अशी आगरी-कोळी वस्तीची गावे ओळीने वसली होती. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर त्यांचा निर्वाह चाले. सिडकोच्या आगमनापूर्वीच या पट्टीत एक संपादन झाले होते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने सु. २,५०० हेक्टरांवर ट्रान्स-ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्र विकसित केले आणि पावण्याच्या परिसरात रसायने, औषधे व अभियांत्रिकी यांचे कारखाने उभे राहिले. त्यामुळे येथील शेतकऱ्यास एका महामंडळाने कारखान्यांसाठी व दुसऱ्याने शहरासाठी भूमिहीन केले. गावठाण तेवढे शिल्लक राहिले. संपादनाच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांचे मोठे आंदोलन झाले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी प्रकल्पक्षेत्राच्या दक्षिण भागात, उरण तालुक्यातील जासई-नवघर परिसरात, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची योजना ही या संघर्षाची फलश्रुती होय.

१ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. महाराष्ट्रातील बहुतेक महानगरपालिका नगरपालिकेच्या अवस्थेतून वर चढलेल्या आहेत. येथे ग्रामपंचायतींच्या जागी थेट महानगरपालिका आली. शेजारचे पनवेल याच्या अगदी उलट आहे : तेथील नगरपालिका १८५२ ची, म्हणजे राज्यातील सर्वांत जुन्यांपैकी, महानगरपालिका मात्र २०१६ मध्ये झाली. नवी मुंबईत पहिली तीन वर्षे प्रशासकाचा कारभार होता. १९९५ मध्ये पहिली निवडणूक होऊन संजीव नाईक हे पहिले महापौर झाले. सभेचे पहिले घर बेलापूरच्या व्यापारी विभागातील बेलापूर भवन या कार्यालयीन इमारतीत होते. नगरसंस्थेसाठी मुद्दाम बांधलेली अशी ती वास्तू नव्हती.

गावांच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ व्यवहारात पाहिला पाहिजे. ग्रामपंचायतीच्या काळात घरपट्टीची तक्रार, जन्म-मृत्यूची नोंद, विहिरीचा वा रस्त्याचा प्रश्न ही कामे गावातल्या किंवा शेजारच्या चावडीवर होत. सरपंच नात्यागोत्यातला असे. महानगरपालिकेची हद्द सु. १०९ चौ. किमी. असून ती उत्तरेस दिघ्यापासून दक्षिणेस बेलापूरपर्यंत लांबट व अरुंद अशी पसरली आहे. मुख्यालय तिच्या दक्षिण टोकास होते. ठाणे व वाशी यांना जोडणारा उपनगरी लोहमार्ग २००४ मध्ये सुरू होईपर्यंत उत्तरेकडील रहिवाशांना ठाणे–बेलापूर रस्त्यावरील बसवर विसंबावे लागे. या लांबट हद्दीचा भौगोलिक मध्य शोधल्यास तो कोपरखैरणे, पावणे व तुर्भे यांच्या दरम्यान पडतो. परंतु तेथील बहुतांश जमीन औद्योगिक महामंडळाच्या नियोजनाखाली आहे; कारखानदार व महानगरपालिका यांच्यात तेथील कर व सेवा यांवरून दीर्घकाळ वाद चालला व तो न्यायालयांतही गेला. नगरसंस्था ज्या जमिनीची मालक नव्हे व नियोजकही नव्हे, तेथे तिचे भवन उभे राहण्याची शक्यता मुळातच अल्प होती. खुद्द शहरी विभागांतही मोकळे भूखंड सिडकोच्या ताब्यात होते. शाळा, मैदान वा बाजार कशासाठीही महानगरपालिकेला महामंडळाकडे मागणी करावी लागे. मुंबईच्या सभेचे भांडण आयुक्ताच्या अधिकारांशी होते. नवी मुंबईच्या सभेचे जमिनीच्या मालकाशी. दुसरे भांडण अधिक कठीण, कारण त्यात आवाज उठविण्यास सभा असली तरी निर्णय अन्यत्र होतो.

नवे मुख्यालय बेलापुरातच, पाम बीच मार्गाच्या दक्षिण टोकाजवळ सेक्टर १५ अ मध्ये उभारण्याचा निर्णय या परिस्थितीत झाला. वास्तुविशारद हितेन सेठी यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही इमारत २०१४ च्या आरंभी वापरात आली. मध्यभागी मोठा घुमट, पुढे प्रशस्त मोकळे आवार आणि त्यात २२५ फुट उंचीचा ध्वजस्तंभ अशी तिची रचना आहे. जवळच किल्ले गावठाण व बेलापूरच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. वाहनाने येणाऱ्यास दुरून दिसावी, अशी तिची योजना आहे. मुंबईचे भवन रेल्वेतून उतरणाऱ्या पादचाऱ्यासमोर येते. हे द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्याच्या नजरेत भरते. सीवूड्स वा बेलापूर स्थानकावर उतरणाऱ्यास येथे पोहोचण्यासाठी आणखी एक वाहन लागते. शासकीय कार्यालयांशी सान्निध्य, मोठा भूखंड व भविष्यातील विस्तार या कसोट्यांवर जागा योग्य ठरते. ऐरोली वा दिघ्याच्या रहिवाशाच्या सोयीची कसोटी लावल्यास ठरत नाही. बांधकामाचा दर्जा व देखणेपणा यांबद्दल मात्र दुमत होण्याचे कारण नाही. मुंबईत जे सभागृह बहात्तरांसाठी होते तशी चूक येथे टाळली गेली : २०१० मध्ये ८९ असलेली सदस्यसंख्या २०१५ मध्ये १११ झाली, तरी सभेला जागा शोधावी लागली नाही.

मुख्यालयाच्या अंतराचा प्रश्न प्रशासनाने विभाग कार्यालयांच्या द्वारे सोडविण्याचा प्रयत्न केला. बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली व दिघा अशी आठ विभाग कार्यालये असून करभरणा, दाखले, पाणी व सफाईच्या तक्रारी ही नित्याची कामे तेथे होतात. त्यामुळे सामान्य रहिवाशाला मुख्यालयात जाण्याचे प्रसंग थोडे येतात. बांधकाम परवानगी, गावठाणांतील वाढीव घरे नियमित करणे व नगररचनेचे निर्णय मात्र मुख्यालयाच्या व शासनाच्या पातळीवर राहिले आणि पावण्यासारख्या गावांचे जिव्हाळ्याचे प्रश्न नेमके याच वर्गातले आहेत. वाढत्या कुटुंबांनी गावठाणाभोवती बांधलेली घरे ही अतिक्रमणे मानावी की हक्काची वस्ती, हा वाद महानगरपालिकेच्या स्थापनेपूर्वीपासून चालत आला आहे. हद्दीच्या प्रश्नातही हेच दिसते. पारसिक डोंगरापलीकडील दहिसर परिसरातील १४ गावे आरंभी महानगरपालिकेत होती. ग्रामस्थांच्या विरोधानंतर २००७ मध्ये ती वगळण्यात आली आणि पुढे नागरी सोयींसाठी तेथूनच पुन्हा समावेशाची मागणी झाली.

दोन्ही शहरांच्या सभागृहांना अलीकडे एकच अनुभव आला. नवी मुंबईच्या सभेची मुदत मे २०२० मध्ये व मुंबईच्या सभेची मार्च २०२२ मध्ये संपली. कोव्हिड महामारी, प्रभागरचनेचे वाद व इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन प्रश्न यांमुळे निवडणुका लांबल्या आणि अनेक वर्षे दोन्हीकडे शासननियुक्त प्रशासकांनी महानगरपालिका, स्थायी समिती व आयुक्त या तिन्हींचे अधिकार एकहाती वापरले. १८८८ च्या अधिनियमाने एकमेकांपासून वेगळी केलेली ही तीन प्राधिकरणे या काळात एकाच मेजावर आली. अर्थसंकल्प मंजूर होत राहिले आणि कार्यालये चालू राहिली. सभागृहांतील आसने मात्र रिकामी होती.